मी हँडब्रेकबद्दल बोलत नव्हतो

त्या दिवशी उतारावर मी लुकलुकलो, तेव्हा चालकाच्या शेजारी बसलेल्या सेजलने माझ्याकडे एकदा पाहिलं. "हँडब्रेक अर्धाच सुटलेला दिसतो," असं पुटपुटत तिने बाजूचा दांडा खाली रेटला आणि मागे वळून मुलीला बिस्किट दिलं. तेवढ्यात सपाट रस्ता लागला आणि मी विझलो. तिला वाटलं, दांडा रेटल्यामुळेच विझलो. मित्रांनो, मला हात असता तर मी कपाळावर मारून घेतला असता. पण मला कपाळही नाही.

मी एका जुन्या गाडीतला लाल दिवा आहे. वेगाचा काटा फिरतो, त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी बसतो. आकाराने नखाएवढा, गोल, आणि आत एक उद्गारचिन्ह. कारखान्यात मला बसवलं तेव्हा दोन कामं सांगितली होती. हँडब्रेक ओढलेला असेल तर पेटायचं. आणि ब्रेकचं तेल कमी झालं तर पेटायचं. कामं दोन आणि दिवा एकच! पहिलं काम साधं, दुसरं जिवावरचं. पण माणसांना माझं पहिलंच काम तेवढं ठाऊक असतं.

माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. गाडीचे मालक गुरुदास तेव्हा पाळी गावच्या खाणीवर टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवायचे. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी तिला हार घातला, बोनेटवर नारळ ठेवला आणि शेजाऱ्यांना आत बसवून एकेक दिवा दाखवला. "हो तांबडो पेटलो की थांबायचां," असं ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे. मी तेव्हा फुलून जायचो. त्यांचा लहानगा मुलगा सिद्धेश तर रोज सकाळी मला पेटताना बघायला यायचा.

पण पाळीची ती लाल माती! ती उंबऱ्यावर, पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, तशी गाडीतही शिरायची. हँडब्रेकच्या बटणात ती जाऊन बसली की मी उगाच पेटायचो. खरंच उगाच, खोटं कशाला सांगू? मग गुरुदास पंपाने तिथे हवा मारायचे, काचेवर दोन टिचक्या द्यायचे आणि मी विझायचो. असं किती वेळा झालं असेल! हळूहळू "तांबडो पेटलो की थांबायचां" हे मागे पडलं आणि "धुळीन पेटता तो" हे कायमचं झालं.

पुढे खाणीचं काम थांबलं. सिद्धेशला तुयेच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याचं सेजलशी लग्न झालं आणि सगळं घर पेडण्यात आलं. मीही आलो. इथे हिरवं रान आहे, ओली हवा आहे. लाल माती मागे राहिली, पण गुरुदासांची समजूत काही मागे राहिली नाही.

आता गुरुदासच रोज नातीला, छोट्या क्षमाला, बालवाडीतून घरी आणतात; सोबत सेजल असते. वाटेत एक लांब उतार आहे. मी तिथे पेटायचो, वळणावर पेटायचो, सपाटीवर विझायचो. कारण साधं होतं. तेलाची डबी अर्धीअधिक रिकामी झाली होती. गाडी कलली की तेल एका बाजूला जायचं आणि मला कळायचं. मी ओरडून ओरडून लाल होत होतो आणि आजोबा गाणं गुणगुणत टिचक्या मारत होते. काचेला तडा जायचाच बाकी होता!

सेजलला मात्र चैन पडेना. मुलीच्या अंगाला हात लावून दिवसातून सहा वेळा ताप बघणारी बाई ती. एकदा दांडा रेटून ती गप्प बसली होती, पण पुढच्या खेपांना ती माझ्यावर डोळा ठेवूनच बसू लागली.

"बाबा, हो दिवो उतारावरच कसो पेटता?"

"धुळीन, गो."

"धुळीक काय उतार कळता? आणि हय खंयची धूळ? आता आमी पाळीत नाय."

"तुका सगळ्याचीच भीती! सकाळी कुत्रो, दनपारा दिवो."

मागून क्षमा म्हणाली, "आणि सांजेक पाल!" आजोबा खो खो हसले. सेजल हसली नाही. मीही नाही.

घरी आल्यावर तिने बोनेट उघडलं. डबीवरच्या खुणेच्या खूप खाली तेल होतं. पेजेचं भांडं तळाशी आल्यावर कलतं करावं, तसं ते एका कोपऱ्यात लपलं होतं. तिने सासऱ्यांना हाक मारून दाखवलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे!

कसले सुटतो? गुरुदासांनी बाजारातून बाटली आणली, डबी भरली आणि हात झटकले. "जालां! तेल उणां जालेलां, घातलां. इतक्यासाठी डोक्याक ताप." तेल भरल्यावर मी विझलो. विझावंच लागतं, माझा नाइलाज असतो. पण मित्रांनो, ते तेल काही पेट्रोल नव्हे, जाळून संपायला. ते कमी झालं तर गेलं कुठे, हे कोणी विचारायला नको? चार दिवसांनी मी पुन्हा पेटलो.

त्याच आठवड्यात अंगण धुवायचं म्हणून सेजलने गाडी थोडी पुढे घेतली. ती क्वचितच गाडी चालवते. तिने ब्रेक दाबला तर पाय हळूहळू खालीच जात राहिला. तिने सांगितल्यावर सिद्धेश म्हणाला, "बाबांक विचार." बाबा म्हणाले, "तुजो पाय नवो. माजो ब्रेक लागता."

त्यांचा ब्रेक लागत होता हे खरंच. पण का, ते मी वरून बघत होतो. खाणीच्या उतारावर भरलेला टिपर उतरवताना ब्रेक नेहमी दोनदा दाबायचा, ही त्यांच्या पायाची जुनी सवय. आधी एक हलका दाब, मग खरा. त्या दुसऱ्या दाबाला ब्रेक धरायचा आणि दुखणं झाकलं जायचं. बाजूला बसून बसून सेजलनेही ती सवय हेरली होती. त्यांच्या पायाला मी पेटण्याचं कारण कधी कळलंच नाही. मला बोलता येत असतं तर!

श्रावणातला आयतार, म्हणजे रविवार आला. नदीपलीकडे दिवाडीला क्षमाच्या आत्याकडे आयतारपूजा होती. नार्व्याहून फेरीबोटीने जायचं. पाऊस पडत होता, नदी फुगली होती आणि धक्क्याचा उतार सरळ पाण्यातच जातो. नवं परकर-पोलकं घालून क्षमा पुढच्या सीटवर चढून बसली. सेजलने येऊन तिला सरळ उचलून घेतलं.

"ह्या गाडीतून ती फेरीर जायची नाय."

"म्हणजे माज्यावर विश्वास नाय?" गुरुदासांचा आवाज चढला. "टिपर चालवलां हांवें, टिपर!"

"तुमच्यावर हा, बाबा. गाडीवर नाय." ती दारातून हलली नाही. "एक करा. गाडी चालू करा आणि ब्रेक दाबा. दोनदा नको. एकदाच दाबा आणि धरून ठेवा."

"ह्यो कसल्यो परीक्षा!"

"बाबा, एकदाच दाबा मरे," सिद्धेश पायरीवरून म्हणाला. बायकोची बाजू त्याने उघडपणे घेतली ती ही पहिलीच वेळ.

रागारागाने गुरुदासांनी चावी फिरवली, ब्रेक दाबला आणि मान वर करून सेजलकडे बघत राहिले. आता बघच, असा चेहरा. मग तो चेहरा हळूहळू बदलला. पाय खाली चालला होता. त्यांनी काहीच सोडलं नव्हतं, तरी तो खाली चालला होता, चिखलात रुतावा तसा, आणि शेवटी गाडीच्या तळाला टेकला.

त्यांनी इंजिन बंद केलं. हात तसेच चाकावर ठेवून ते समोरच्या पावसाकडे बघत बसले. मग खाली उतरून त्यांनी चावी सेजलच्या हातात दिली आणि क्षमाच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मागचं चाक उघडलं. ब्रेकचं आतलं रबर फाटलं होतं आणि तेल चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर ओघळत होतं. आता रबर नवं आहे, ब्रेक पहिल्याच दाबाला धरतो आणि मी आपला गुमान विझलेला असतो. विझून राहण्यात इतकं सुख असतं, हे मला या वयात कळलं.

पण माझा वैताग अजून गेलेला नाही, मित्रांनो. कारण माझ्यासारखे किती दिवे या घडीला कोणत्या तरी उतारावर पेटत असतील आणि "धुळीन" म्हणून टिचक्या खात असतील! तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी वडीलधारं माणूस जुनी गाडी एकट्याने चालवत असेल. त्यांच्या शेजारी सहसा कोणी बसत नाही, आणि बसलंच तर फोनकडे बघतं. आज त्यांच्याकडे जा. सपाट जागी उभ्या गाडीत त्यांच्या बाजूला बसा, गाडी चालू करून हँडब्रेक पूर्ण खाली करायला सांगा आणि लाल दिवा विझतो का ते बघा. मग ब्रेक एकदाच दाबून धरायला सांगा. दिवा विझला नाही किंवा पाय खाली जात राहिला, तर मेकॅनिक येईपर्यंत गाडी बाहेर काढू देऊ नका. त्यांना राग येईल. येऊ द्या. तुम्ही जागचे हलू नका.