आठातले दोन

धाकटीचं पत्र आलं त्याला आठ महिने होऊन गेले. मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं, असं नाही. ते जाड शब्दकोशात ठेवलं होतं, रोज हाताखाली असतो म्हणून, आणि मग आठ महिने मी एकाही शब्दाचा अर्थ पाहिला नाही. अडला तर अंदाजाने पुढे जायचो.

फोनवर मला बोलता येत नाही. "कसे आहात?" "बरा आहे, आईला देतो." एवढ्यात माझा फोन संपतो. त्यामुळे धाकटी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हापासून आम्हा बापलेकीचं पत्रांवर चालतं. तिचं एक, माझं एक. माझं गेलं नाही म्हणून तिचंही पुढचं आलं नाही.

पत्र दीड पानाचं होतं. अर्धं पान इकडचं तिकडचं. मग असं होतं:

"बाबा, आपल्या दारामागे होती तशी पाटी मी इथेही लावली आहे. तुमची नात नव्या शाळेत जायला लागल्यापासून तिच्यावर रोज 'एक' लिहिते. आणि नखं इतकी कुरतडते की दोन बोटांना पट्ट्या आहेत. परवा विचारलं, खरंच एक का गं? तर म्हणाली, आजोबा रोज दोन लिहायचे, तूच सांगितलंस. मग मी एक लिहिणार. बाबा, तुमचं दोन खरं होतं का? खरं असेल तर कसं जमायचं ते सांगा. खरं नसेल तर तेही सांगा, मला दोन्ही चालेल. सोळाव्या वर्षी मी एकदा नऊ लिहिलं होतं, आठवतं? त्या दिवशीही माझ्या आकड्याखाली तुमचं दोनच होतं."

पाटीची गोष्ट सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. मला गोष्ट सांगायची सवय नाही, वाचायची आहे. तरी सांगून पाहतो.

मी चौतीस वर्षं हवामान केंद्रात निरीक्षक होतो. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला कुंपणातल्या हिरवळीवर जायचं. पांढऱ्या जाळीदार लाकडी पेटीचं दार उघडून आतले थर्मामीटर वाचायचे. पाऊस मापकातून काचेच्या भांड्यात ओतायचा, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा आणि आकडा लिहायचा. शेवटी मान वर करायची. ढग मोजायला यंत्र नव्हतं. आकाशाचे मनाने आठ भाग करायचे आणि ढगांनी किती झाकलेत ते बघायचं. निरभ्र असेल तर शून्य, सगळं भरलेलं असेल तर आठ. नऊसुद्धा होतं. धुकं इतकं दाट की आकाशच दिसत नाही, तेव्हा नऊ. नऊ आलं की आमचे साहेब आम्हाला जागेवरून हलू देत नसत. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बघा म्हणत. त्यांचा दुसरा नियम होता, दिसलं ते लिहा, नाही दिसलं तर रकाना मोकळा सोडा. अंदाजाने भरलेल्या आकड्याला ते सरळ थाप म्हणत.

केंद्रात मी हा नियम कधी मोडला नाही.

घरात मी, बायको, माझी आई, थोरला मुलगा आणि धाकटी अशी पाच माणसं, खोल्या दोन. थंडीत माझ्या आईचा दमा उठायचा आणि सगळं घर तिच्या श्वासाकडे कान लावून बसायचं. उन्हाळ्यात वर पत्रा तापलेला, खाली मुलांच्या परीक्षा. पावसाळ्यात वादळाचे इशारे आले की मला तासातासाला नोंदी घ्याव्या लागत आणि घरात दोऱ्यांवर ओले कपडे लोंबत. अशाच एका संध्याकाळी थोरल्याने बरणी फोडली, धाकटी रडायला लागली, आई खोकत होती, आणि मी कुणावर तरी ओरडलो. बायको शांतपणे म्हणाली, "आकाशाला दिवसातून दोनदा विचारता, किती भरलंय म्हणून. घरातल्या माणसांना विचारलंयत कधी?"

दुसऱ्या दिवशी दारामागे, चपलांच्या फळीच्या वर पाटी लटकलेली. संध्याकाळी प्रत्येकाने आपलं मन किती भरलंय तो आकडा लिहायचा, ढगांसारखाच. का, ते कुणी विचारायचं नाही. सात किंवा वर असेल त्याला त्या दिवशी भांडी माफ. थोरल्याच्या लगेच लक्षात आलं. त्याची पाळी असेल त्या दिवशी हटकून आठ. आई रोज चार लिहायची, कारण तिला तेवढाच आकडा सुबक काढता यायचा.

आणि मी दोन.

पहिल्या दिवशी माझं खरं तर सहा होतं. खडू हातात घेतला आणि दोन्ही मुलं मागे उभी राहून बघत होती. वाटलं, घरातलं एक तरी आकाश मोकळं दिसू दे. दोन लिहिलं. दुसऱ्या दिवशी बदलावं तर कालचं दोन खोटं होतं हे उघडं पडलं असतं. मग दोनच चालू राहिलं, मुलं मोठी होईपर्यंत.

धाकटीचं नऊ मला आठवतं. थंडीचे दिवस होते. तिचा सहामाहीचा निकाल लागला आणि ती दोन विषयांत नापास झाली. पाटीवर नऊ लिहून ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. दाराशी जाऊन काय बोलावं ते मला सुचेना. म्हणून दाराबाहेर जमिनीवर बसलो, हातात पुस्तक धरून. पाच वाजत आले. केंद्र सायकलने पंधरा मिनिटांवर. मी उठलो नाही. चौतीस वर्षांच्या नोंदवहीत त्या संध्याकाळचा एकच रकाना माझ्या नावावर मोकळा आहे. साहेबांनी लेखी कारण मागितलं, तेव्हा 'घरगुती' एवढंच लिहिलं.

ती बाहेर येण्याआधी कडी वाजल्याचं ऐकलं. घाईने उठलो, पाटीशी गेलो आणि दोन लिहिलं. तिला धीर यावा म्हणून. ती बाहेर आली तेव्हा तिला फक्त ते दोन दिसलं.

आता सांगा, असल्या माणसाने उत्तर काय लिहायचं? खरं म्हणावं तर ती पुन्हा थाप होणार, आणि तिकडे नात पट्ट्या बांधलेल्या बोटांनी एक लिहीत राहणार. खोटं म्हणावं, तर ज्या आकड्याकडे बघून धाकटी मोठी झाली तोच मी पुसणार. आठ महिने मी काहीच केलं नाही. या कामात मी वाकबगार आहे.

गेल्या मंगळवारी मी पुस्तकांचं कपाट रिकामं करून बसलो होतो. ही चष्मा कपाळावर चढवून दारात आली.

"उंचीप्रमाणे की विषयाप्रमाणे?"

"काय?"

"पुस्तकं हो."

"विषयाप्रमाणे. का गं?"

"म्हणजे सात," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. "सात म्हणजे?"

"अहो, पाटीवर दोन लिहायचात आणि कपाटावर खरं. उंचीप्रमाणे लावलीत की पाच. विषयाप्रमाणे लावलीत की सात. एकदा लेखकांच्या नावाप्रमाणे लावायला काढली होतीत, तेव्हा मी घाबरून तुमच्या बहिणीला बोलावून घेतलं होतं."

मला ते आठवत होतं. ताई अचानक चार दिवस राहायला आली होती आणि मला मोठं बरं वाटलं होतं.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"थोरल्याला. तो कपाट बघूनच प्रगतिपुस्तक सहीला आणायचा. सासूबाईंना मीच सांगितलं."

"धाकटीला?"

तिने साखरेचा डबा बंद केला. "तिला नाही. लहान होती, आणि तिचा तुमच्या त्या दोनवर फार विश्वास. म्हटलं, असू दे. तिथे माझंही चुकलं असेल."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुस्तकं लावणंही सोडलं असतंत. मग मी कशाकडे बघायचं?"

तिने कप पुढे केला.

"तुम्हाला काय वाटलं, भर पावसाळ्यात मी जुने स्वेटर उसवायला काढायचे ते हौस म्हणून? पावसाळ्यात कोण विणतं?"

तेव्हा ती मला समोर बसवायची, माझे दोन्ही हात पुढे धरायला लावायची आणि मनगटांभोवती लोकरीची लडी अडकवून गुंडा करत राहायची. हातात लोकर असल्यावर पुस्तक धरता येत नाही, उठून जाता येत नाही. मग मी बोलायचो. चुकलेल्या इशाऱ्यांबद्दल, साहेबांबद्दल, कशाहीबद्दल. ती गुंडा करत "हं" म्हणायची. गुंडा पुरा होईपर्यंत माझं बोलणंही संपलेलं असायचं. मला वाटायचं, मी तिला मदत करतोय.

"आणि उन्हाळ्यात पत्र्यावर पाणी मारायला पाठवायचीस ते?" मी विचारलं. रोज संध्याकाळी मी आणि मुलं बादल्या घेऊन शिडीवर चढायचो. खाली यायचो तेव्हा तिघंही चिंब.

"दोन बादल्यांनी पत्रा कधी गार होतो का?"

"मग?"

"तुम्ही व्हायचात."

थंडीत मी रोज तासभर आईला मोठ्याने वाचून दाखवायचो. तिचा जीव रमावा म्हणून, अशी माझी समजूत. ते विचारायचं मला धाडस होईना. हिनेच सांगितलं. "सासूबाईंना निम्मं ऐकू यायचं नाही. पण म्हणायच्या, हा वाचत असला की याचा श्वास नीट चालतो. वाचू दे त्याला."

मी चहा तसाच धरून बसलो. धाप लागलेली माझी आई माझा श्वास मोजत होती. इतकी वर्षं मी एका आकड्यामागे लपलो आहे असं समजत होतो, आणि या दोघी, पुढे थोरलासुद्धा, माझ्याकडे बघून घरातला दिवस ठरवत होत्या. कुणी एकदाही मला तसं जाणवू दिलं नाही. आभार मानायचे तर कुठून सुरुवात करायची ते कळेना. आई तर आता नाहीच.

"चहा निवतोय," ही म्हणाली.

"धाकटीचं पत्र आलं होतं," मी म्हणालो.

"शब्दकोशात आहे. धूळ मीच पुसते."

"वाचलंस?"

"तुमच्या नावाचं आहे. पण फोनवर ती म्हणाली होती, बाबांना एक प्रश्न विचारलाय. दर वेळी विचारते, बाबा काय करताहेत. मी सांगते, लिहिताहेत."

लिहायला चार दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात मी दोन पानं आकाशाचे आठ भाग कसे करावेत यावरच घालवली. दुसरा इतका रडका झाला की मलाच वाचवेना. शेवटी जे लिहिलं ते साहेबांच्या नियमाने लिहिलं. दिसलं ते.

"माझं दोन खरं नव्हतं. बहुतेक वेळा सहा असायचं, पावसाळ्यात सात. तू नऊ लिहिलंस त्या दिवशी माझंही नऊच होतं. तू आत होतीस तेवढा वेळ मी दाराबाहेर बसलो होतो, आणि पाचची नोंद घ्यायला गेलो नाही. ती वही केंद्रात अजून असेल, त्यात तो रकाना मोकळा आहे. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. नातीला सांग, आजोबा थापा मारायचे. आजोबांना कुणी पकडलं आणि कसं सांभाळलं, तेही सांग. कपाटाची गोष्ट तिला आवडेल. तिला किती आहे ते विचारू नकोस. समोर बसव, हातात लोकर दे आणि गुंडा करायला लाग. सावकाश कर. हातात लोकर असली की नखंही कुरतडता येत नाहीत. तू विचारलंस हे फार बरं केलंस. मला कुणी असं विचारेल असं वाटलं नव्हतं. पत्र लिहायला बसलो तेव्हा सहा होतं. आत्ता तीन, फार तर चार."

हिने पत्र वाचलं नाही. पाकीट मात्र हातातून काढून घेतलं आणि त्यात निळ्या लोकरीची एक लडी दाबून बसवली. माझ्याच एका उसवलेल्या स्वेटरची. पाकीट उशीसारखं फुगलं.

आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट दाबून पाहिलं.

"आत काय आहे आजोबा?"

"पत्र. आणि थोडी लोकर."

"लोकर?" त्यांनी ते वजनाला ठेवलं. "लवकर पोचायला हवंय का?"

"आठ महिने उशीर झालाय," मी म्हणालो. "आणखी नको."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. मी बाजूला सरून भिंतीपाशी उभा राहिलो. तासाभराने थैली बांधून गाडीत चढवली गेली. ते डोळ्यांनी पाहिलं आणि मगच घरी निघालो.