नाक उघडलं का?

मिस्त्री गेले ते नेमके झाडं फुलण्याच्या दिवसांत. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, गिऱ्हाइकाकडे मशीन उघडून बसला आणि बसल्या जागीच गेला. अंगातला शर्ट तेवढा दवाखान्याच्या पिशवीतून घरी आला. येताना बायकोच्या नाकाचा फवारा आणणार होते, तोही राहिला.

मिस्त्रीणबाईंच्या डोळ्यांना धार लागली. भेटायला येणारे हळहळायचे, किती रडतेय बिचारी! कसलं रडणं नि कसलं काय. परागकणांनी दरवर्षी त्यांची हीच गत व्हायची. आत सगळं बधिर होतं. नवरा गेला हे कळत होतं, पण शेजाऱ्यांकडे कोणी गेल्याचं कळावं तसं.

पहिल्या रात्री त्यांनी शर्ट नाकाला लावला. घाम नाही, मशीनचं तेल नाही, काही नाही. नाक ठार चोंदलेलं. मग पिशवीला घट्ट गाठ मारून ती चादरींमागे लपवली. नाक उघडलं की एकदा वास घ्यायचा, म्हणजे रडू फुटेल, असं त्यांनी मनाशी धरलं. बोलल्या कोणाला नाहीत. या वयात नवऱ्याचा शर्ट हुंगायचाय, हे सांगणार कोणाला?

नाकासाठी मिस्त्रींनी घालून दिलेले नियम मिस्त्रीणबाईंनी कधी पाळले नसतील इतके कसोशीने पाळले. सकाळी खिडक्या बंद. कपडे घरातच वाळत. बाहेरून आलेला कपडा दारात उतरवायचा आणि थेट बादलीत, त्यात लेकीलाही सूट नव्हती. लेकीने आणून दिलेला फवारा रोजच्या रोज, बरं वाटो न वाटो. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, असं मिस्त्री म्हणायचे, आणि रोज सकाळी चहा देताना विचारायचे, नाक उघडलं का? जाऊबाई आल्या, बघून पुटपुटल्या की नवरा गेला आणि हिला नाकाची पडलीय. मिस्त्रीणबाईंनी ऐकलं. लागलं मात्र नाही.

एका सकाळी दूध उतू गेलं आणि करपट वास आला. चक्क आला! मिस्त्रीणबाई हातातलं टाकून कपाटाकडे गेल्या. चादरींमागे पिशवी नव्हती. शर्ट वरच्या कप्प्यात होता, इस्त्री करून. त्यांनी कॉलर हुंगली, काख हुंगली, खिसा उलटा करून हुंगला. साबणाचा वास येत होता. नुसत्या साबणाचा.

मागे लेक चहा घेऊन उभी होती. रात्रभर रडून तिचे डोळे सुजलेले, तरी बापाचं एकेक काम तिने अंगावर घेतलं होतं.

"काल सापडला गं तो पिशवीत," ती म्हणाली. "बाहेरचा कपडा तसाच कपाटात! बाबा असते तर ओरडले असते. दोनदा धुतला मी, घरातच वाळवला. आता तुला त्रास नाही व्हायचा."

"हो, ओरडले असते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

लेकीने कप पुढे केला. "नाक उघडलं का?"

त्यांनी शर्टाची घडी होती तशी घातली.

"नाही गं, अजून नाही."

मग लेकीने फवारा हलवून हातात दिला, आणि त्यांनी मुकाट्याने नाकाला लावला.