एस्नार्टने शिवलेला तंबू

मी तंबू बोलतोय. ल्वांग्वा नदीच्या वळणावर लॅक्सन न्जोवूचा छोटासा कॅम्प आहे, तिथला. जाड हिरव्या कापडाचा, दोन खाटा मावतील एवढा. माझं कापड लुसाकाहून आलं, पण मला शिवलं लॅक्सनच्या बायकोनं, एस्नार्टनं, गावातल्या अंगणात पायाच्या मशीनवर. सुई तुटली की ती मशीनला शिव्या द्यायची आणि मला थोपटायची.

माझी जागाही तिनंच निवडली. लॅक्सन पाहुण्यांना रान दाखवणारा. त्याच्या मनात मला पाणवठ्याला लागून उभं करायचं होतं, म्हणजे खाटेवरून हत्ती दिसतील.

"हत्तींच्या वाटेवर बिऱ्हाड मांडता होय, मायलेसीचे बाबा?" एस्नार्ट म्हणाली. "मग हत्तीच येतील पाहुणे बघायला."

तिनं वळणावरच्या मोठ्या झाडाची सावली दाखवली. समोरच्या उंच दरडीत सप्टेंबरात लाल पक्षी बिळं करून राहतात. सगळी दरड पेटल्यासारखी दिसते.

पाहुण्यांचे फोन तीच घ्यायची. कधी यावं, कुठं राहावं, हे सगळे विचारायचे. ती आधी उलट विचारायची, सोबत कोण आहे, उकाडा सोसतो का, पायी हिंडाल का. कुणाला म्हणायची, "ऑक्टोबरात या. अंगाची लाही होईल, पण नदी आटलेली असते, सगळं रान पाण्यावर येतं." लहान मुलं असली की जूनमध्ये, इकडच्या थंडीत, बोलवायची. आवाज आवडला तर म्हणायची, "सप्टेंबरात या. वळणावरचा तंबू देते." म्हणजे मी.

ती स्वतः मात्र माझ्यात एकदाही राहिली नव्हती. मोसमभर चुलीपुढे उभी. "मोसम संपला की आपण दोघं जाऊ," लॅक्सन म्हणायचा. पण मोसम संपायचा तोच पावसानं. नदी फुगायची, वाटा बुडायच्या, आणि माझी घडी गावातल्या घराच्या मागच्या खोलीत जायची.

"तुमची सवड आणि माझे पक्षी," ती म्हणायची, "कधी एकत्र यायचे नाहीत."

गेल्या वर्षी लॅक्सननं मनावर घेतलं. "या सप्टेंबरात वळणावरचा तंबू आपला. थोडे दिवस का होईना. स्वयंपाक मायलेसी करेल."

"मायलेसीच्या हातची मक्याची न्शिमा? पाहुणे उपाशी पळून जातील!" एस्नार्ट म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिनं माझ्यासाठी फुलाफुलांचा पडदा शिवला.

जायच्या आदल्या सकाळी ती मला झाडत होती. तेवढ्यात फोन वाजला. हॅनेका नावाची कुणी डच बाई होती. ती बराच वेळ बोलत राहिली. एस्नार्ट खाटेच्या कडेवर बसली आणि नुसती "हो, हो" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "या तुम्ही. तंबू रिकामा आहे."

लॅक्सन दारातच उभा होता. "रिकामा आहे?"

"आजारी आहे ती. पुढचा सप्टेंबर बघेन का, म्हणून विचारत होती."

"आणि आपलं काय?"

"आपण कुठं पळून चाललोय?" तिनं पुन्हा झाडू हातात घेतला. "माझे सप्टेंबर अजून पुष्कळ आहेत."

हॅनेका आली. नवऱ्याच्या खांद्याला धरून चालायची, दिवसभर माझ्या दारात बसून दरडीकडे बघायची. एस्नार्ट तिला चहा आणून द्यायची आणि लगेच परत फिरायची. पाण्याकडे तोंड करून ती घटकाभरही थांबलेली मला आठवत नाही.

मग पाऊस आला. मी मागच्या खोलीत घडी होऊन पडलो होतो. भिंतीपलीकडे एस्नार्टला ताप भरला. मलेरिया तिला नवा नव्हता. "गोळी घेतलीय, उतरेल," ती म्हणायची. उतरला नाही. ती असंबद्ध बोलायला लागली तेव्हा लॅक्सननं तिला गाडीत घातलं. वाटेतला ओढा रस्त्यावरून वाहत होता. पाणी ओसरायची वाट बघत ते काठावर बसले. पाणी ओसरलं, पण तोवर दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिला घरी आणलं आणि गाव लोटलं. पाऊस थांबत नव्हता. दुःखाला आलेल्या बायका घरात मावेनात, म्हणून लॅक्सननं मला अंगणात उभं केलं. माझ्यात आजवर परक्या देशांची माणसं हसत झोपली होती. त्या दिवसांत तिच्या बहिणी, शेजारणी, लेक माझ्या जमिनीवर दाटीनं बसून रडल्या. मी पहिल्यांदा आपल्या माणसांनी भरलो, आणि तीच तेवढी नव्हती.

मोसम सुरू झाला तेव्हा हॅनेकाचा फोन आला. ती बरी झाली होती. आवाज इतका मोकळा होता की मलाही ऐकू येत होता. "एस्नार्टला द्या ना! तिला सांगायचंय मला, मी वाचले!"

लॅक्सननं सांगितलं. मग ती रडत म्हणाली, "ते दिवस तिचे होते. तुमच्या मुलीनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी तरीही राहिले."

"तिनं दिले होते ते," लॅक्सन म्हणाला. "ते परत करायचे नसतात, बाई. तुम्ही या. सप्टेंबरातच या. दुसरा तंबू देतो."

मला त्यानं नदीवर नेलंच नाही. मी अजून अंगणातच आहे. कॅम्प मायलेसी बघते. लॅक्सनला घरात झोप लागत नाही, तो माझ्यात झोपतो, दोन्ही खाटा जोडून, एका कडेला.

"बाबा, आत या ना घरात," मायलेसी ताट ठेवताना म्हणते. "पाऊस जवळ आलाय. कापड विरलंय याचं."

"विरू दे. तिची शिवण अजून धरून आहे," तो म्हणतो.

खरं सांगू? शिवण एका कोपऱ्यात उसवलीय. त्याला कुणी दाखवू नका. आणि तुम्ही कधी आमच्याकडे यायचं ठरवलंत, तर जरूर या, मायलेसी तुम्हाला चांगली जागा देईल. फक्त वळणावरचा जुना तंबू मागू नका. तो रिकामा नाही.