दीड वाजताचं जेवण

मॅडमनी मेनूकार्ड न उघडताच बाजूला सारलं आणि पर्समधलं पत्राचं पाकीट एकदा चाचपून पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. स्टोअरकीपर दीडला यायचा होता. त्याच्या आधी येऊन बसायचं, ग्लासभर पाणी प्यायचं आणि ठरलेली चार वाक्यं मनात घोळवायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. पाकीट मात्र जेवण आटोपल्यावर, बशा उचलून नेल्यावरच टेबलावर यायचं. भरल्या पोटी माणूस वाईट बातमी जरा बरी पचवतो, असं त्यांचं मत होतं.

कंपनीत माणसांचं सगळं त्यांच्याकडे होतं. भरती, बढती, रुसवेफुगवे, निवृत्ती आणि कपात. ऑफिसच्या आसपासच्या चार-पाच गल्ल्या त्यांनी पायाखाली घातल्या होत्या आणि प्रत्येक कामासाठी एकेक जागा हेरून ठेवली होती. कुणाला बढती द्यायची असली की चौकातल्या इमारतीच्या गच्चीवरचं हॉटेल. तिथं वारा असायचा, खाली गाड्या मुंग्यांएवढ्या दिसायच्या आणि माणसाला आपण खरंच वर चढलो असं वाटायचं. दोन विभागप्रमुखांचं फाटलं की त्यांना बेकरीशेजारच्या खानावळीत नेत. तिथं लांबलचक बाकडी होती आणि मिठाची वाटी टेबलाला एकच, त्यामुळे पंधरा मिनिटांत कुणीतरी कुणाकडे तरी मीठ मागायचंच. निवृत्त होणाऱ्यांसाठी पुलाखालचा बार. दोन पेले पोटात गेले की म्हातारे गाऊ लागत आणि मालक कधी कुरकुर करत नसे.

आणि हे चौथं. मागच्या गल्लीतलं, जाड पडद्यांचं, गाणी न लावणारं. कोपऱ्यातल्या टेबलाशेजारी एक दार थेट मागच्या रस्त्यावर उघडत होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी एका माणसाला केबिनमध्ये बोलावून काढून टाकलं होतं. काचेपलीकडून चाळीस माणसं बघत होती. तो रडला, मग खोक्यात आपलं सामान आणि एक कुंडी घेऊन त्या चाळीस जणांच्या मधून चालत गेला. कुंडीतली माती सांडत गेली, ती संध्याकाळपर्यंत कुणी झाडली नाही. त्यानंतर मॅडमनी ही जागा शोधली. इथून माणूस डोळे पुसत मागच्या दारानं गेला तरी कुणाला पत्ता लागत नसे.

पडदा सरकला. मॅडमनी चेहरा नीट केला आणि वर पाहिलं. स्टोअरकीपर नव्हता. पन्नाशीची एक बाई होती. हातात छत्री आणि कापडी पिशवी. तिनं सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि सरळ कोपऱ्याकडे आली.

“तुम्हीच मॅडम ना?”

“हो. आपण?”

“नकाशे काढायचे ना तुमच्याकडे, सदतीस वर्षं. त्यांची मी बायको.”

मॅडम उठल्या. नकाशेवाले. खिशाला कायम पट्टी लावून फिरत, म्हणून सगळं ऑफिस त्यांना फूटपट्टी म्हणे. गेल्याची बातमी महिन्यापूर्वी आली होती. मॅडमनी कंपनीतर्फे फुलं पाठवली होती.

“ऐकलं मी. फार वाईट झालं. बसा ना.”

बाई बसली. पिशवी मांडीवरच ठेवली.

“तुमच्या ऑफिसात गेले होते. दारातल्या मुलीला म्हटलं, मॅडमना भेटायचंय. ती म्हणाली, आज भेटणार नाहीत, त्या मागच्या गल्लीत गेल्यात. मी विचारलं, जेवायला? ती गप्पच झाली. मग म्हणाली, मॅडमनी मागच्या गल्लीत कुणाला बोलावलं की त्याच्या टेबलावरची फुलं आम्ही आधीच दुसरीकडे ठेवतो, तो परत तिथं बसत नाही ना.”

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. अकरा वर्षं त्यांना वाटत होतं, ही गल्ली फक्त आपल्याला ठाऊक आहे.

“माझी एक मीटिंग आहे दीडला,” त्या म्हणाल्या. “आपण उद्या सकाळी भेटलो तर?”

“मला जास्त वेळ नको. एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात?”

“म्हणजे?”

“मला ते बढती मिळाली म्हणाले.” बाईचा आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. “सकाळी जाताना निळा शर्ट मागून घेतला. म्हणाले, मॅडमनी जेवायला बोलावलंय. संध्याकाळी आले ते हातात मिठाईचा पुडा घेऊनच. शेजारपाजारी वाटली मी. सात आठवडे रोज वेळेवर निघायचे, वेळेवर यायचे. एक तारखेला पगारही आणून हातात दिला. मग एका बुधवारी दुपारी साडेतीनला फोन आला, वाचनालयाच्या पायऱ्यांवर पडलेत म्हणून. मी म्हटलं, चुकलंय तुमचं काहीतरी, ते ऑफिसात आहेत. तुमच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, ते आता इथं नसतात.” ती थांबली. “नसतात, असं म्हणाली. मला वाटलं, ते गेल्याचं तिला आधीच कळलंय, आणि मला सांगायचं जिवावर आलंय.”

म्हातारा वेटर पाण्याचा जग घेऊन आला. मॅडम त्याला मामा म्हणत. इतक्या वर्षांत त्यानं कधी मध्येच येऊन सूप आणू का विचारलं नव्हतं, म्हणूनच तो त्यांना आवडे. आज मात्र तो जग हातात धरून तसाच उभा राहिला.

“तेव्हा माझं म्हणणं असं,” बाई म्हणाली, “की कदाचित त्यांचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल. तुम्ही बोलायला फार गोड आहात म्हणतात. एखाद्याला वाटूही शकतं.”

मॅडमनी आठवून पाहिलं. निळा शर्ट आठवला नाही. काय खाल्लं ते आठवलं नाही. त्या महिन्यात नऊ जेवणं झाली होती आणि नऊही चेहरे एकमेकांत मिसळून गेले होते.

“ते फार शांतपणे वागले,” त्या म्हणाल्या. “त्यांनी समजून घेतलं. म्हणजे, घोटाळा नव्हता. मी स्पष्टच सांगितलं होतं.”

बाईनं मान हलवली. एवढ्याचसाठी आली असावी आणि एवढंच ऐकायचं नव्हतं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

“मग ऐकल्यावर काय म्हणाले?”

 मॅडम म्हणणार होत्या की कंपनीचे आभार मानले, सगळ्यांना नमस्कार सांगितला. असं बोलणं त्यांच्या जिभेवर तयारच असे. तेवढ्यात वेटर बोलला.

“मी सांगू का, बाई?”

दोघींनी वर पाहिलं.

“मी तेव्हा बशा उचलत होतो. साहेबांनी एकच विचारलं. म्हणाले, घरी काही पत्रबित्र जातं का? मॅडम म्हणाल्या, छे, घरी काही जात नाही. सगळं तुमच्या-आमच्यातच राहील. त्यावर साहेब म्हणाले, बरं झालं.”

आता मॅडमना आठवलं. ते ‘बरं झालं’ आठवलं आणि आपल्याला त्या वेळी किती हलकं वाटलं होतं, तेही आठवलं. हा माणूस त्रास देणार नाही, असं मनात आलं होतं. परतताना त्यांनी वाटेत कॉफीही घेतली होती.

“नंतर ते इथंच यायचे,” वेटर बाईला म्हणाला. जग त्यानं अखेर टेबलावर टेकवला. “रोज, सकाळी दहाला. आमचं दार बंद असायचं, पण मी आत घ्यायचो. त्या खिडकीपाशी बसायचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हात रिकामा राहिला की थरथरतो, काहीतरी काम द्या. मी म्हटलं, साहेब, हे बरं दिसत नाही. ऐकेनात. मग टेबलावरचे रुमाल घडी करायला दिले. दीडशे रुमाल. काठाला काठ असा जुळवायचे की मालकानं विचारलं, नवीन माणूस ठेवला काय?”

बाईच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. हसू असेल.

“घरी चादरींच्याही तशाच घड्या,” ती म्हणाली. “मी केलेली उलगडून पुन्हा करायचे. आमची भांडणं व्हायची त्यावरून.” मग तिनं विचारलं, “जेवायचे कुठं?”

“इथंच. तुमचा डबा असायचा.”

“पुरायचा?”

“उरायचा. अर्धा मला द्यायचे. म्हणायचे, बायको हल्ली जास्तच भरते.”

“बढती झालीय, मोठ्या लोकांबरोबर जेवायला बसतील, कमी पडायला नको,” बाई म्हणाली. “म्हणून भरत होते.”

वेटरनं मान खाली घातली. सात आठवडे त्यानं ते जेवण खाल्लं होतं.

“मी त्यांना एकदा म्हणालो, बाई. म्हटलं, घरी सांगून टाका, घरचं माणूस गिळून टाकतं का कुणाला? म्हणाले, सांगेन हो. आता पुडा वाटून झालाय ना, जरा जुना होऊ दे.” त्यानं जग पुन्हा उचलला. “तीनला उठायचे. गर्दी ओसरली की मालक हिशेबाला बसतो, त्याला अडचण नको म्हणून. मग वाचनालयात जायचे पाचपर्यंत.”

तो आत गेला.  पलीकडच्या टेबलावर कुणीतरी चमचा पाडला आणि उचलला.

“म्हणजे तुमचं पत्र घरी आलं असतं,” बाई म्हणाली, “तर मी फोडलं असतं. टपाल मीच फोडते. त्यांना चष्मा लागायचा.”

“आमचा नियम असा आहे की माणसाची अब्रू—”

“हो. अब्रू राहिली त्यांची.”

ती रागावली असती तर मॅडमना सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं. आवाज एक पट्टी खाली आणायचा, नाव घ्यायचं, पाणी पुढं करायचं. पण ही बाई रागावलेली नव्हती. ती नुसती हिशेब जुळवत बसली होती, कुठल्या घरापाशी वजाबाकी चुकली ते शोधत.

“तुम्ही मघाशी मीटिंग म्हणालात,” तिनं विचारलं. “इथंच?”

मॅडमची नजर पडद्याकडे गेली.

तेवढ्यात पडदा पुन्हा हलला. स्टोअरकीपर आत आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. केस पाण्यानं बसवलेले, अंगात सगळ्यांत चांगला शर्ट, गळ्याशी गुंडी लावलेली. अजून दीडला दहा मिनिटं होती.

“जरा लवकर आलो,” तो म्हणाला. “तिकडे बसवेना.”

टेबलाला दोनच खुर्च्या होत्या. त्यानं बाईकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून पँटला पुसले. त्याला सगळं ठाऊक होतं. ऑफिसातून निघताना त्याच्या टेबलावरची फुलंही कुणीतरी उचलली असतील. मॅडमना एकदम वाटलं, त्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. अकरा वर्षं ही माणसं निकाल माहीत असताना समोर बसून सूप प्यायली होती, चांगलं झालंय म्हणाली होती, आणि बशा उचलल्या जाण्याची वाट बघत होती. फूटपट्टीही.

त्यांनी पर्स उघडली आणि पाकीट काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. घोळवलेल्या चार वाक्यांपैकी एकही तोंडातून निघालं नाही.

“माफ करा,” एवढंच त्या म्हणाल्या. हे त्या चारांत नव्हतं.

स्टोअरकीपरनं पाकिटाकडे पाहिलं. हात लावला नाही. 

“जेवायचं नाही का मग?” त्यानं विचारलं, आणि आपण हे काय विचारलं म्हणून स्वतःच ओशाळला.

“घरी सांगून आलात का?” बाई म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. ही कोण, असा प्रश्न त्याला पडला असणार, पण त्यानं विचारला नाही. आवाज असा होता की आधी उत्तर द्यावं लागावं.

“नाही. म्हणजे, जेवायला बोलावलंय एवढंच सांगितलंय. बायकोला वाटतंय...” 

“मिठाई नका घेऊ,” बाई म्हणाली.

“काय?”

“जाताना वाटेत मिठाई घेऊ नका.”

मॅडम उभ्या राहिल्या आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो दोनदा नको म्हणाला, मग बसला, काठावर, डॉक्टरच्या खोलीत बसल्यासारखा. मॅडम पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मागचं दार हाताच्या अंतरावर होतं. ते उघडून निघून जाता आलं असतं. दोघांपैकी कुणी वळूनही पाहिलं नसतं. त्या गेल्या नाहीत.

बाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पाकीट जरा बाजूला केलं, कोपर टेकायला जागा व्हावी म्हणून.

“घरी कोण कोण असतं?”

“आई. बायको. दोन मुली.”

“यांतल्या कुणाला सांगणं तुम्हाला सोपं जाईल?”

स्टोअरकीपर विचार करत राहिला. वेटर आतल्या दारापाशी येऊन थबकला होता. त्याच्या हातात ट्रे होता आणि ट्रेवर काहीच नव्हतं.

“धाकटीला,” स्टोअरकीपर म्हणाला.

“केवढी आहे?”

“सहा वर्षांची.”

“मग शाळा सुटताना न्यायला जा,” बाई म्हणाली. “कधी सुटते?”

त्यानं घड्याळ पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं, जणू अजूनही रजा मागावी लागणार होती.