माथ्यावर दगड नाही

मैत्रेयीचं लग्न झालं ते २००५ साल. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर वेल्सला गेली आणि सिंगापूरला आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये तिचे आईवडील, गोपीनाथ आणि कुमुद, दोघंच उरले. गोपीनाथांचा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला. तुआसच्या गोदीतली नोकरी संपली, पाठोपाठ बायपास झाली, आणि ते खिडकीशी बसले ते बसलेच. कुमुदला ते बसणं बघवेना.

मग लेकीनं वेल्समधल्या आपल्या घरामागच्या डोंगराचा फोटो पाठवला. फारसं कुणी जात नाही असा डोंगर. झाड नाही, कडा नाही, नुसता गवताचा माथा. गोपीनाथांनी तो भिंतीला लावला आणि दुसऱ्या सकाळपासून लिफ्ट सोडून जिन्यानं चढायला लागले. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच बसकण मारली.

शेजारचे मिस्टर लिम लिफ्टमधून डोकं काढून, सिंगापुरी 'ला' जोडत विचारायचे, "अंकल, लिफ्ट चालू आहे ला. कुठे निघालात?"

"वेल्सला," गोपीनाथ धापा टाकत सांगायचे.

पुढच्या वर्षभरात ते न थांबता घरापर्यंत यायला लागले. डॉक्टरही डोंगर चढायला जा म्हणाले. कुमुदचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिचे गुडघे गेलेले, बरोबर जाता येणार नव्हतं. तिनं बाजारातून शेंडीचा नारळ आणून त्यांच्या बॅगेत घातला.

"वर पोचलात की देवाला फोडा."

"अगं, वर देऊळ नाही."

"देऊळ नसेल. डोंगर आहे म्हणजे कुणीतरी बसलेलं असणारच."

फोन आला तेव्हा ती कणीक मळत होती. तशाच हातानं तिनं तो उचलला. आधी नुसता वारा, मग धाप.

"पोचलो गं," गोपीनाथ म्हणाले. "पण पंचाईत झालीय. नारळ फोडायला दगडच नाही इथे. बघावं तिकडे गवत. मेंढ्या माझ्या तोंडाकडे बघताहेत."

मागे मैत्रेयीचं हसू ऐकू येत होतं. मग तेही हसले, पूर्वी जहाजावरून घरी आले की हसायचे तसे. कुमुदनं कणकेचा हात पदराला पुसला.

"असू दे," ती म्हणाली. "तिथल्या देवाला दाखवा आणि परत आणा. आपण इथे फोडू."

नारळ अख्खाच सिंगापूरला परत आला. गोपीनाथांनी तो इमारतीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर फोडला, सांडलेलं पाणी पुसलं आणि मिस्टर लिमच्या हातावर खोबरं ठेवलं. आता कुठे, असं लिमनी विचारलं.

"पुन्हा वेल्सला. या वेळी हिला घेऊन."

पुढच्या उन्हाळ्यात दोघं गेली. कुमुद काठी टेकत निम्म्यापर्यंत चढली आणि तिथेच गवतात बसून तिनं त्यांना माथ्यावर उभं राहिलेलं पाहिलं.

गोपीनाथ २००९च्या फेब्रुवारीत आंग मो किओच्या घरी वारले.