माझ्या मुठीतली थीडा

मित्रांनो, आधी एक पाऊल मागे सरका. हं, आता तिथूनच ऐका. मी एक जुनं पिस्तूल आहे, आणि माझ्या फार जवळ येऊ नये हे शहाण्यासुरत्या माणसाला सांगावं लागत नाही. पण घाबरू नका, माझी गोष्ट गोळ्यांची नाही. एका बाईला एक प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर माझ्या मुठीत होतं, आणि ती बिचारी पन्नास वर्षं त्या उत्तरावाचून जगली. मला बोलता येत नाही याचं खरं दुःख मला तिच्यामुळे कळलं.

माझा जन्म १९४३ सालचा, पेनसिल्वेनियाच्या डोंगरांतला. ज्या कारखान्यात मी घडलो तिथे लढाईआधी रेल्वेचे सिग्नल बनत. काल-परवापर्यंत गाड्या थांबवणाऱ्या सामानाला हात लावणाऱ्या बायका एक दिवस डोक्याला रुमाल बांधून पिस्तुलं जोडायला उभ्या राहिल्या. पोलादाच्या एका ओबडधोबड ठोकळ्यातून त्यांनी मला काढलं. मी अर्धस्वयंचलित आहे. म्हणजे असं की चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण सुटता सुटता माझी पाठ मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढची गोळी आपणहून नळीत चढवते. डोळ्याची पापणी लवायच्या आत एवढं सगळं होतं. पहिल्यांदा ते घडलं तेव्हा माझा मीच थक्क झालो. माणसांनी हे डोक्यातून काढलं आणि हातांनी केलं, याचं नवल मला आजही वाटतं.

तिथून मी समुद्र ओलांडून इटलीच्या चिखलात पोहोचलो आणि एल्डन स्ट्रो नावाच्या शिपायाच्या कमरेला लागलो. एल्डन ओहायोतल्या मिलर्स बेंड नावाच्या गावचा. मशीनगनवर असायचा. बोलायचा कमी, पण टपालाची गाडी आली की सगळ्यांच्या पुढे धावायचा आणि हात हलवत परत यायचा. गावातल्या एका मुलीला त्याने पत्रातून काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं ते अख्ख्या तुकडीला ठाऊक होतं.

एका दुपारी पाकीट आलं. आत चार ओळींचं पत्र आणि एक फोटो होता. एल्डनने फोटोची मागची बाजू वाचली. पुन्हा वाचली. मग तो उभ्याचा खाली बसला, चिखलात, आणि बराच वेळ उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पडलेल्या विमानाच्या खिडकीचा एक जाड तुकडा तो घेऊन आला. काच दिसते, पण काच नसते ती, न फुटणारं प्लास्टिक असतं. करवतीने कापून, दगडावर घासून आणि दात घासायच्या पावडरीने चोळून चोळून त्याने त्याच्या दोन पट्ट्या केल्या. पूर्ण दोन दिवस लागले. माझ्या मुठीच्या तपकिरी पट्ट्या काढून त्याने या बसवल्या. उजवीकडून आतल्या गोळ्या मोजता येत. डावीकडे त्याने तो फोटो मुठीच्या आकारात कापून ठेवला.

"काय रे स्ट्रो, सरकारी मालावर बायको चिकटवतोस?" जोडीदार ओरडला.

"अजून बायको नाही," एल्डन म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"मग आम्ही वहिनी म्हणायला मोकळे! वहिनी, नमस्कार! याला जरा अंघोळ करायला सांगा!"

नियमात हे बसत नव्हतं, तरी त्या तुकडीत दहा-बारा मुठींमध्ये कुणाची बायको, कुणाची आई असे चेहरे होते. एकाने तर आपली गाय लावली होती. मी सारखा विचार करायचो, की ज्या वस्तूने जीव घ्यायचा तिच्यातच या पोरांना जिवापाड जपलेलं माणूस ठेवावंसं का वाटतं? मला ते अजून उलगडलेलं नाही.

नऊ दिवसांनी एल्डन गेला. मी त्याच्या कमरेलाच होतो, आणि माझा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही.

सैन्याचं पिस्तूल माणसाबरोबर पुरत नाहीत. मला सामानाच्या ढिगात टाकलं आणि तिथून नव्या आलेल्या पर्व्हिस कोलने उचललं. आधीचा शिपाई कोण, फोटोतली ती कोण, त्याला काहीच माहीत नव्हतं. पण त्याने फोटो काढला नाही. रोज सकाळी मला पुसताना तो टोपीला हात लावून म्हणायचा, "बाईसाहेब, आजचा दिवस तेवढा सांभाळा." लढाई संपली तेव्हा तो धडधाकट होता. त्याने कुणाला न विचारता मला पिशवीत कोंबलं आणि वेस्ट व्हर्जिनियाला घरी आणलं.

तिथे त्याची बायको आयना होती.

"ही कोण सटवी?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? दीड वर्षं कमरेला बांधून हिंडलास आणि माहीत नाही?"

"अगं खरंच माहीत नाही! आधीपासूनच होती ती."

"असं सगळेच म्हणतात," आयना म्हणाली. त्याच संध्याकाळी पर्व्हिसने माझ्या मुठीवर काळी चिकटपट्टी गुंडाळली, चांगले पाच-सहा वेढे. मग मी कपाटाच्या वरच्या खणात गेलो आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच धूळ खात पडलो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पिस्तुलाला काम नसणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पट्टीखाली एक मुलगी हसत होती आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

पर्व्हिस वारल्यावर त्याच्या पुतण्याने मला अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या बंदुकांच्या बाजारात ठेवलं. १९९५ साल होतं. मला वेंडल क्रुपाने घेतलं. वेंडल शाळेची बस चालवायचा, साठीला टेकलेला, पोट सुटलेला, मनाचा भला माणूस. बाजारात पाहिलेल्या एका चकचकीत पिस्तुलाने त्याला भुरळ घातली होती. त्याने मला टेकडीमागे नेऊन चार-पाच वेळा झाडून पाहिलं आणि सरळ बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑरिन स्टालचं दुकान गाठलं.

"ऑरिन, याला निकेल चढवून दे. आरशासारखं लखलखलं पाहिजे. आणि ही टेपबीप, मूठबीठ फेकून शिंगाची बसव."

"आधी सांग, रिकामं आहे का?"

"अरे, गोळ्यांचं मॅगझिन काढलंय की!"

ऑरिनने माझं तोंड वाळूच्या बादलीकडे केलं आणि पाठ मागे ओढली. टपकन एक जाडजूड गोळी टेबलावर पडली आणि घरंगळत वेंडलसमोर जाऊन थांबली.

"मग ही काय, लिमलेटची गोळी?"

वेंडलचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅगझिन काढलं तरी नळीत चढलेली एक तिथेच बसून राहते," ऑरिन म्हणाला. "रिकामं समजून किती जणांचा जीव गेलाय या एका गोळीपायी! बस चालवताना तरी मागे बघतोस ना?"

मग ऑरिनने भिंग लावून मला उलटंसुलटं केलं, आणि त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

"हा नंबर त्रेचाळीस सालचा. हा शिक्का सिग्नलवाल्या कारखान्याचा. हे तपासनिसाचं अक्षर. नळी मात्र दुसऱ्याच कुणाची, लढाईत बदललेली असणार. अरे वेंडल, हे सगळीकडे फिरून आलंय! आणि तू याला निकेल चढवणार? उद्या आजोबांच्या सुरकुत्यांना इस्त्री फिरवशील."

"बरं बाबा, नको चढवूस. पण टेप तरी काढ."

ऑरिनने केस वाळवायच्या यंत्राने पट्टी गरम केली आणि एकेक वेढा सोडवला. खालचा चिकटा कापसाने पुसला. पिवळट पडलेल्या प्लास्टिकच्या पट्टीतून ती त्या दोघांकडे बघून हसत होती. वेंडलने नकळत टोपी काढली.

ऑरिनने दोन स्क्रू काढून फोटो चिमट्याने उलटा केला. मागे फोटोवाल्याचा अर्धा कापलेला शिक्का होता, त्यात मिलर्स बेंड एवढं वाचता येत होतं. आणि शाईने लिहिलं होतं, "हो. हो. हो. थीडा."

"कशाला हो म्हणतेय ही?" वेंडलने विचारलं.

"मुली तीनदा हो कशाला म्हणतात? तू विचारलंस तेव्हा तुझी बायको काय म्हणाली होती?"

"ती म्हणाली होती, बघू."

घरी जाताना वेंडलने मला शेजारच्या सीटवर पेटीत ठेवलं होतं आणि तो एवढ्या सावकाश गाडी चालवत होता की मागचे लोक भोंगे वाजवत होते. आठवड्याने त्याने मिलर्स बेंडच्या चर्चला पत्र टाकलं, की एका जुन्या पिस्तुलात थीडा नावाच्या मुलीची वस्तू सापडली आहे. उत्तर आलं ते खुद्द थीडाचं, थरथरत्या अक्षरात. "काय सापडलं ते पत्रात लिहू नका. घेऊन या. लवकर या, मी त्र्याहत्तर वर्षांची आहे."

तिच्या स्वयंपाकघरात पीच फळं भरून भाजलेला गोड पदार्थ निवत ठेवला होता. तिने वेंडलला बसवलं, काय काम करतो ते विचारून घेतलं, पण पेटी उघडू दिली नाही.

"आधी ऐका. एल्डनने मला पत्रातून मागणी घातली होती. मी उत्तर द्यायला तीन आठवडे लावले. मग पाठवलं. त्यानंतर मी लिहिलेली चार पत्रं न उघडता परत आली, त्याच्या मरणाच्या शिक्क्यासकट. उत्तराचं तेवढं एक परत आलं नाही. मी मनाला समजवायचे की परत आलं नाही म्हणजे पोहोचलं असेल. पण टपालाची जहाजंसुद्धा बुडत होती हो." तिने हातातल्या फडक्याची पुन्हा पुन्हा घडी केली. "पुढे लग्न केलं, मुलं झाली. माझा नवरा देवमाणूस होता. पण हे काही मनातून गेलं नाही. एल्डनला शेवटपर्यंत वाटलं असेल का, की मी गप्प बसले? बसवाले, ते तीन आठवडे मी का लावले ते मला आता आठवतही नाही."

वेंडलने मला बाहेर काढलं, पाठ मागे ओढून नळी रिकामी असल्याची बोटाने खात्री केली आणि टेबलावरच्या कापडावर ठेवलं, तिची बाजू वर करून.

थीडा कितीतरी वेळ बघत राहिली. आणि मग, मित्रांनो, ती खदाखदा हसली.

"मार्गिटला कापलं! फोटोत आम्ही दोघी बहिणी होतो! बघा, अगदी तिच्या कानाशेजारून कापलंय मेल्याने! तिला तो कधीच आवडायचा नाही, आणि त्याला ती." हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "म्हणजे मिळालं त्याला. हातात धरून बसला होता तो. किती नीट कापलंय. किती वेळ लागला असेल?"

दोन दिवस, थीडा. दोन दिवस आणि दातांच्या पावडरीचा अख्खा डबा. मी ओरडून सांगितलं असतं.

"बाई, हा तुमचाच आहे. मी काढून देतो," वेंडल म्हणाला.

"स्क्रूड्रायव्हर द्या."

तिने स्वतः स्क्रू काढले. वेंडलला हात लावू दिला नाही. फोटो उलटा करून तिने आपलं अक्षर वाचलं, ओठ हलवत, तीनदा. मग फोटो तसाच उलटा ठेवून, चेहरा आत आणि अक्षरं बाहेर करून, तिने पट्टी परत बसवली आणि मला वेंडलकडे सरकवलं.

"अहो, पण असं कसं? आता तुमचा चेहरा कुणाला दिसणारच नाही!"

"मला दिसायचं नव्हतंच, वेंडल. मला सांगायचं होतं."

आता मी वेंडलच्या कुलपाच्या कपाटात असतो. निकेल नाही, शिंगाची मूठ नाही. तो वर्षातून दोनदा मला काढतो, नळी बघतो, तेल लावतो आणि मूठ वाचून परत ठेवतो.

मित्रांनो, माझ्यासारखं हत्यार कुठे दिसलं तर हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. इतर कुठली जुनी वस्तू मात्र हाती आली तर घासूनपुसून चकचकीत करायची घाई करू नका. आधी उलटून बघा, तिच्यात कुणाचं तरी काहीतरी राहून गेलेलं असतं. आणि कुणी तुमच्या उत्तराची वाट बघत असेल, तर मित्रांनो, तीन आठवडे लावू नका.