एकेचाळीस नंबरचा चौकोन

मास्तरांनी पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा ओळीकडे. ओळ सात वाजून दहा मिनिटांनी लिहिली गेली होती. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. सव्वाचार तासांत प्रोग्रामने एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

शेजारच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार होतं. दोनशे दहा प्रोसेसच्या दोनशे दहा पट्ट्या, प्रत्येक शंभर टक्क्यांवर. सकाळपासून मास्तर येता-जाता त्या पट्ट्यांकडे बघून समाधानाने मान हलवत होते. या यंत्रात नुसती वाट बघणारी प्रोसेससुद्धा शंभर टक्केच दाखवते. निरोप आला का, निरोप आला का, असं ती सेकंदाला लाखो वेळा विचारत राहते. वीस वर्षं याच धंद्यात काढलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं, आणि मास्तरांची आख्खी नोकरी या दोन्हींच्या मधे गेली, असं त्यांची बायको म्हणायची.

मागच्या खुर्चीत ताई बसल्या होत्या. हरवलेल्या मासेमारी बोटीवरच्या इंजिनवाल्याची ही थोरली बहीण. पोटापाण्यासाठी शिवणकाम करायची. बोटीचं इंजिन बंद पडलं, एकदा वायरलेसवर आवाज आला, आणि मग काहीच नाही, त्याला आज पाच दिवस झाले होते. बाकी सहा जणांच्या घरची माणसं धक्क्यावर बसून होती. बोट कुठे शोधायची याचा नकाशा या इमारतीत तयार होतो, हे कुणाकडून तरी ऐकून ताई दुसऱ्या दिवशी इकडे आल्या, आणि पहारेकऱ्याने का कोण जाणे, त्यांना वर सोडलं. तेव्हापासून त्या रोज येत. एका कोपऱ्यात बसत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

नऊ वाजता त्यांनी एकदाच विचारलं होतं, "चालू आहे ना, मास्तर?"

"जोरात चालू आहे," मास्तर म्हणाले होते.

ताई आल्या त्या दिवशी मास्तरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. पूर्वी गणित शिकवायचे, ती खोड गेली नव्हती. समुद्राचे चौकोन पाडायचे. बोट जिथून हरवली तिथे हजारो खोट्या बोटी सोडायच्या आणि वारा, प्रवाह त्यांना कुठे नेतात ते मोजायचं. एका चौकोनाला एक प्रोसेस, म्हणजे एक कामकरी. त्याच्या चौकोनातली बोट शेजारी गेली की शेजाऱ्याला निरोप द्यायचा. आणि बोटी अशा चौकोनात शिरल्या की जिथे कुणीच नेमलेलं नाही, तर चालू कामातच नवा कामकरी उभा करायचा.

"गर्दीच्या महिन्यात मी शिवायला बायका वाढवते तसं," ताई म्हणाल्या होत्या.

"अगदी तसं. फक्त नवा माणूस घ्यायचा तर जुन्या सगळ्यांनी एकाच वेळी हो म्हणायला लागतं. एक जरी आला नाही तरी बाकीचे तिथेच थांबतात."

"मग कठीणच आहे," ताई म्हणाल्या होत्या, आणि मास्तरांना दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं होतं.

आता ते हसू आठवून त्यांचे कान गरम झाले. त्यांनी परवा संध्याकाळी घातलेल्या दोन ओळी उघडल्या. परवा नकाशा चाळीस मिनिटं उशिरा निघाला होता आणि शोधबोटींचे कप्तान फोनवर चांगलेच तापले होते. वेळ वाचावा म्हणून मास्तरांनी लिहिलं होतं: चौकोनात एकही बोट उरली नसेल, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटाला जा. काल कुठलाच चौकोन रिकामा झाला नाही, म्हणून काही बिघडलं नाही. आज सात वाजून दहा मिनिटांनी एकेचाळीस नंबरचा चौकोन रिकामा झाला. एकेचाळीस नंबर शहाण्यासारखा थेट शेवटाला जाऊन बाकीच्यांची वाट बघत उभा राहिला. बाकीचे दोनशे नऊ मधे, नवे कामकरी घ्यायच्या ओळीवर, त्याची वाट बघत उभे. घोडं पेंड खात होतं ते इथे, आणि पेंड मास्तरांनीच घातली होती.

दोन ओळी काढायला दोन मिनिटं लागली. काम पहिल्यापासून सुरू करून ते बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी कप्तानांना फोन लावला.

"नकाशा कुठंय, मास्तर? साडेअकरा वाजले."

"अडकला होता. पुन्हा लावलाय. साडेचारच्या आत येत नाही."

पलीकडे वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज येत राहिला.

"तीन वाजता बोटी वळवायच्यात. डिझेल तेवढंच आहे. आणि आज संध्याकाळी शोध बंद, हे तर तुम्हाला माहीत आहे."

"चूक माझी आहे. मी परवा—"

"ऐका. काल पसारा किती होता तुमचा?"

"दोनशे दहा चौकोन."

"पहिल्या दिवशी?"

"चोवीस."

"मग आज किती झाला असता? चारशे? तुमच्या यंत्रात तेवढे मावतात तरी का?"

यंत्रात दोनशे छप्पन्न मावत होते. मास्तरांनी तसं सांगितलं.

"मग झालं तर. नकाशा वेळेवर येता तरी तेवढ्या समुद्रात तीन बोटींनी काय डोंबल शोधलं असतं? कालच्याच नकाशावर तीनपर्यंत फिरवतो आणि आणतो परत. बाईंना सांगा, पसारा हाताबाहेर गेला. चुकीबिकीचं काही बोलू नका. त्यांना त्याचा काय उपयोग?"

मास्तर भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. कप्तानांचं म्हणणं त्यांना पटलं. पटलं म्हणून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

ते आत आले तेव्हा ताई उभ्याच होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता मास्तर म्हणाले, "ताई, पसारा फार वाढलाय. आता बोटींच्या आवाक्यात राहिलेला नाही. तीनला परत वळतील."

ताईंनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"हे चालू आहे ते?"

"ते आता... कुणाच्या कामाचं नाही."

"होऊ द्या तरी. कुठवर गेला असेल ते मला एकदा बघायचंय."

म्हणून दोघं बसून राहिले. मास्तर दर दहा मिनिटांनी नवी ओळ आली का ते बघत होते. ओळी येत होत्या. दोनच्या सुमारास त्यांनी पॅसेजमधल्या यंत्रातून दोन कप चहा आणला. ताईंनी तो गार होऊ दिला.

"लहानपणी होडीत बसला की ओकायचा," त्या मधेच म्हणाल्या. "आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. मी म्हटलं, बाबा रे, दुकानात बस, शिवण शीक, छपराखालचं काम आहे. तर म्हणाला, ताई, बायकांच्या मापात माझं डोकं चालत नाही." त्यांनी पदराने कपाची कड पुसली. "इंजिनात चालायचं. कुठलंही इंजिन द्या."

"हुशार असेल," मास्तर म्हणाले.

"कसला हुशार. हट्टी."

तीन वाजले. दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं, आणि दोघांनीही दुसऱ्याने पाहिलेलं पाहिलं.

चार पस्तीसला प्रोग्राम संपला. शेवटी तो नेहमी गोषवारा लिहायचा, आणि मास्तर तो वाचायला पुढे वाकले. नव्या प्रोसेस: पाच. रिकामे झालेले चौकोन: एकशे एकतीस. त्यांना वाटलं आकडे उलटसुलट झाले. मग त्यांनी नकाशा उघडला.

पसारा वाढला नव्हता, आवळला होता. पहाटे कधीतरी दोन प्रवाह एकमेकांना भिडले होते आणि त्यांनी सगळ्या खोट्या बोटी दोन्ही बाजूंनी ढकलत एका चिंचोळ्या पट्ट्यात आणून ठेवल्या होत्या. एकेचाळीस नंबर रिकामा झाला तो त्यामुळेच. चौकोन रिकामा होतो याचा अर्थ बोटी कुठेतरी गोळा होताहेत, हे सकाळी साडेअकरालाच समजायला हवं होतं. शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. पण तेव्हा मास्तर आपल्या दोन ओळींकडे बघत होते, समुद्राकडे नाही.

त्यांनी जागेवरूनच कप्तानांना फोन लावला.

"पट्टा आहे. चार मैल रुंद, वीस मैल लांब. कालच्या नकाशाच्या खालच्या टोकाला."

आता पलीकडे वारा ऐकू येत नव्हता. कप्तान जमिनीवर होते.

"आम्ही वरच्या टोकाला फिरत होतो," ते म्हणाले.

"आता एखादी बोट तरी..."

"धक्क्याला लागल्या, मास्तर. टाक्या कोरड्या आहेत. उद्या पहाटेपासून वादळाचा इशारा आहे, कुणाला सोडता येणार नाही. आणि बंद केल्याचा कागद मी सही करून वर पाठवलाय." मग थोडं थांबून, "वरातीमागून घोडं. बाईंना दाखवू नका."

पण ताई मागेच उभ्या होत्या. छापलेला नकाशा त्यांनी स्वतःच यंत्रातून काढून घेतला होता. तो त्यांनी भिंतीवरच्या कालच्या नकाशाशेजारी धरला. कालचा लाल डाग तळहाताहून मोठा होता. आजचा करंगळीएवढा.

"पसारा वाढला म्हणालात."

"हो."

"हा तर कालच्यापेक्षा लहान आहे."

मास्तर उठून नकाशांपाशी आले.

"हा कागद किती वाजता निघायला हवा होता?"

"साडेअकराला."

"तेव्हा बोटी कुठे होत्या?"

मास्तरांनी कालच्या डागाच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं, मग ते खाली पट्ट्यावर आणलं. "इथून इथे दोन तास. फार तर अडीच." मग त्यांनी सगळं सांगितलं: परवाच्या दोन ओळी, एकेचाळीस नंबर, फोन. सांगताना त्यांचा आवाज वर्गात फळ्यापाशी असायचा तसा निघाला, आणि त्याचाच त्यांना राग आला. "माझ्यामुळे झालं, ताई. दुसऱ्या कुणामुळे नाही."

"मी नऊला विचारलं तेव्हा?"

"तेव्हा ते बंदच होतं. फक्त चालू असल्यासारखं दिसत होतं."

ताईंनी मान हलवली, कापड कमी पडतंय हे मोजल्यावर कळावं तशी. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. मास्तरांना वाटलं, त्या ओरडल्या तर बरं होईल.

पिशवीतला फोन वाजला. ताईंनी आधी नाव बघितलं, मग खुर्चीत बसून तो कानाला लावला. पलीकडे भावजय होती. तिचं रडणं मास्तरांना तीन हातांवरून ऐकू येत होतं. तिला धक्क्यावरून बातमी कळली होती.

"हो गं. इथेच आहे मी," ताई म्हणाल्या. "हो, परत आल्या... नाही. नाही गं. त्यांनी केलं सगळं. माझ्या डोळ्यांदेखत केलं, सकाळपासून यंत्र चालूच होतं... अगं, पसारा फार वाढला. समुद्र केवढा, बोटी केवढ्या. कुणाच्या हातात नव्हतं." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "नाही, कुणाची काही चूक नाही. तू असलं काही मनात आणू नकोस. पोरीला जेवायला घाल. येते मी."

फोन ठेवल्यावर त्यांनी नकाशाची बारीक घडी केली आणि ती मास्तरांच्या हातात दिली. मग पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"जिना कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

चार दिवस त्या त्याच जिन्याने येत होत्या. मास्तरांनी डावीकडे हात दाखवला.